भयमुक्त शाळा : शिक्षक आणि पालक यांची संयुक्त जबाबदारी

शाळेतील हिंसाचार म्हटला की विद्यार्थ्यांमधील मारामारी प्रथम डोळ्यांपुढे येते. परंतु हिंसेचा पहिला धडा मूल पुष्कळदा वर्गातच गिरवते. गृहपाठ न केल्याबद्दल बसलेली छडी, पिरगाळलेला कान, चारचौघांत जातीवरून अथवा गरिबीवरून झालेली हेटाळणी, यांतून 'बलवानाने दुर्बलास मारावे' एवढाच बोध त्यास होतो. मधल्या सुट्टीत तेच मूल आपल्याहून लहान मुलावर त्याचा प्रयोग करते. म्हणून शाळेतील हिंसेस आळा घालावयाचा, तर प्रारंभ शिक्षेच्या प्रथेपासून केला पाहिजे.

कायद्याची भूमिका

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १७ अन्वये बालकास शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. या तरतुदीचा भंग करणारी व्यक्ती सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरते. अपमानास्पद शब्दही या मनाईतून सुटत नाहीत, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे.

"वेळ पडली तर मारा, पण शहाणा करा," असे शिक्षकांना सांगणारे पालक आजही भेटतात. त्यामागील कळकळ खरी असते. तथापि अशी परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने पालकांनाही ठेवलेला नाही.

धाकाने काय साधते?

धाकाने वर्ग शांत होतो, पण शंका विचारणारे मूलही गप्प होते. ज्याच्या घरात शिक्षणाची पहिलीच पिढी आहे, ते मूल चुकण्याच्या भीतीने शाळाच टाळू लागते. याउलट मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी दटावणी केली नाही. त्यांच्या अंगणात बालवाडी भरविली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली.

गावाने करावयाचे काम

शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. या समितीने पुढील गोष्टी आवर्जून कराव्यात :

१. शिक्षा हा विषय बैठकीत नियमितपणे घ्यावा. शाळेत तक्रारपेटी ठेवावी आणि ती महिला सदस्यासमक्ष उघडावी.

२. एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग असतील, तर त्याची अडचण वरिष्ठांपर्यंत पोहोचवावी. थकलेल्या शिक्षकास केवळ उपदेश पुरत नाही.

३. अपुरा अभ्यास शाळेतच पूर्ण करून घेणे, बैठक बदलणे, पालकांशी बोलणे, नियम मुलांकडूनच ठरवून घेणे, हे पर्याय शिक्षकांसमवेत निश्चित करावेत.

तक्रार गावात मिटत नसेल, तर कलम ३२ अन्वये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत तीवर निर्णय देणे प्राधिकरणास बंधनकारक आहे. म्हणजेच बालकास दाद मिळते आणि शिक्षकासही न्याय मिळतो. प्राधिकरणाच्या निर्णयावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भागी लावावा.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत मात्र समितीने आपसांत चौकशी करीत बसू नये. २०१२ च्या बाल लैंगिक अपराध प्रतिबंधक कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून ती न देणे हा दंडनीय अपराध आहे. शाळेची अब्रू झाकण्यासाठी राखलेले मौन बालकावर दुसरा अन्याय करते.

मार खाल्लेले मूल सहसा घरी सांगत नाही, कारण तेथेही 'तुझेच काहीतरी चुकले असेल' हे उत्तर त्यास ठाऊक असते. ते उत्तर बदलणे प्रत्येक पालकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.