किनोआ परवडत नाही, मग?

प्रश्न : लेकीने वाढदिवसाला आरोग्यदायी पाककृतींचं एक देखणं पुस्तक दिलं आहे. हौसेने त्यातल्या एका सॅलडचं साहित्य आणायला गेले, तर किनोआ, चिया आणि ऑलिव्ह तेल एवढ्यातच आठवड्याच्या भाजीचे पैसे संपायची वेळ आली. तशीच परत आले. बेताच्या घरखर्चात अशी पुस्तकं वापरता येतात का? आणि त्यातला ‘कप’ म्हणजे आपली वाटी समजायची का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पुस्तक जरूर वापरा, फक्त त्यातली साहित्याची यादी जशीच्या तशी दुकानात नेऊ नका. आधी कृती शेवटपर्यंत वाचा आणि महागडी वस्तू त्या पदार्थात नेमकं काय काम करते ते पाहा. तेच काम करणारं काहीतरी बहुतेक वेळा तुमच्या वाण्याकडे असतं.

किनोआच घ्या. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं साधं धान्य. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किनोआचं म्हणून साजरं केलं, त्याच सुमारास जगभर मागणी वाढली आणि भाव चढले. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने किनोआ आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ, आणि राजगिराही त्याच कुळातला. किनोआ आणि राजगिरा, दोन्हींत १०० ग्रॅममागे साधारण १३-१४ ग्रॅम प्रथिनं. मग सॅलडमध्ये राजगिरा शिजवून घालायचा? नको. तो चिकट होतो, आणि इथे हवा असतो मोकळा दाणा, लिंबाचा रस आणि मीठ-मिरी अंगाला लावून घेणारा. त्याला अख्खी ज्वारी उत्तम. रात्रभर भिजवा, कुकरमध्ये मऊ शिजवा, पाणी निथळा, गार होऊ द्या. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. मूठभर वाफवलेली मोडाची मटकी घातलीत की ती उणीव भरून निघते आणि सॅलडला चावायला मजाही येते. घाई असेल तेव्हा वरीचे तांदूळ, पण पाणी बेतानेच घाला, नाहीतर काकडी-टोमॅटो घातलेला उपवासाचा भात पानात येईल.

चियाची गंमत अशी, की पुस्तकं तिला दोन वेगळ्या कामांसाठी घेतात. पुडिंगमध्ये ती हवी असते फुगून बुळबुळीत होण्यासाठी. ते फालुद्यातला सब्जा करतो, तोही चियापेक्षा लवकर. ‘ओमेगा-३ साठी एक चमचा चिया’ असं लिहिलेलं असेल तिथे मात्र जवस घाला. त्यात हे मेद चियापेक्षा काकणभर जास्तच असतात. एक अट आहे : जवस भाजून, कुटून घ्या. अख्खे दाणे न पचताच बाहेर जातात. घरी जवसाची चटणी होत असेल, तर हा चमचा तुमच्या पानात कधीचाच पडतो आहे. मासे खात असाल तर सॅमनच्या जागी बांगडा किंवा तारली घ्या. ओमेगा-३ त्यांतही भरपूर.

ग्रीक योगर्ट म्हणजे साखर न घातलेला चक्का, दुसरं काही नाही. दही फडक्यात टांगा, खाली निथळलेल्या पाण्यात कणीक भिजवा. ऑलिव्ह तेल सॅलडवर कच्चं घालायचं असेल तर त्याची चव वेगळी, हे मान्य. पण भाज्या परतायला शेंगदाण्याचं तेल बिनदिक्कत वापरा. ॲव्होकाडोला मात्र पर्याय शोधत बसू नका. तो लोण्यासारखा मऊपणा दुसऱ्या कशात येत नाही, सरळ पान उलटा. बदामाच्या पिठाचे केकही तसेच. नाचणी पौष्टिक खरी, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम. पण बदामातलं तेल तिच्यात नाही, त्यामुळे तोच केक कोरडा होऊन भुगा पडतो. नाचणीची भाकरी किंवा आंबील करा, ती तिथेच शोभते.

आता कप. पाश्चात्त्य पुस्तकांतला कप साधारण २४० मिलीलिटरचा, आपली आमटीची वाटी बहुधा त्याहून लहान. भात, उसळ, सूप, सॅलड यांना फरक पडत नाही, सगळं एकाच वाटीने मोजलं की प्रमाण जुळतं. बेकिंगमध्ये घोटाळा होतो, कारण तिथे पीठ कपाने असतं आणि सोडा चमच्याने, अंडी तर नगाने. तिथे मापाचा कप घ्याच, तो स्वस्त मिळतो.

एक खर्च यादीत दिसत नाही, तो म्हणजे उरलेल्या बाटलीचा. अर्धा चमचा बाल्सामिक व्हिनेगरसाठी अख्खी बाटली आणली, की ती फ्रिजच्या दारात वर्षभर उभी राहते. जी वस्तू पुस्तकातल्या निदान तीन-चार पदार्थांत लागत नाही, ती विकत घेऊ नये असं माझं मत. बाल्सामिकच्या जागी चिंचेचा कोळ आणि चिमूटभर गूळ घाला. चव तीच नाही, पण आंबट-गोड मेळ जमतो.

सुरुवात भाज्यांच्या प्रकरणापासून करा. लाल भोपळा, फ्लॉवर, गाजर भाजण्याच्या कृती अशा पुस्तकांत हमखास असतात, आणि ओव्हन नसला तरी जाड बुडाच्या तव्यावर झाकण न ठेवता, फोडी एकमेकींना चिकटू न देता त्या छान भाजल्या जातात.