जुना संगणक स्वस्तात घ्यावा काय?



या पानावर आपण नेहमी लागण, खते आणि पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोलतो. या वेळी विषय थोडा निराळा आहे, पण पैसा उसाचाच आहे. आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत राहतात. अंधेरीचे सीप्झ, पवई, मालाड येथे मोठमोठी कार्यालये आहेत. तेथील संगणक काही वर्षांनी बदलतात आणि जुने व्यापाऱ्यांमार्फत बाजारात येतात. मग गावाकडे फोन येतो, "चांगल्या कंपनीचा आहे, निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय, घेऊन येऊ का?" उसाच्या बिलातून दहा-पंधरा हजार बाजूला काढणे ही काही लहान गोष्ट नाही. सबब घेण्यापूर्वी काय पाहावे, याची माहिती येथे देत आहे.

१) हे संगणक इतके स्वस्त का?

विंडोज १० ही संगणक चालविणारी प्रणाली २०१५ साली आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची मुदत संपली. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडला असे नाही. तो चालतो, मात्र चोरवाटा बुजविणारी दुरुस्ती नेहमीप्रमाणे मिळत नाही. कुंपण घातले पण पुढे डागडुजी केली नाही, तर जनावर आज ना उद्या शिरणारच. बँकेचा व्यवहार ज्या संगणकावर करायचा, त्याला हे चालणार नाही.

पुढची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ साली आली. तिला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. त्याआधीचे संगणक धडधाकट असूनही या अटीत बसत नाहीत. म्हणून कार्यालयांनी ते काढले आणि भाव उतरला. काही दुकानदार अट डावलून जुन्यावरही विंडोज ११ टाकून देतात. ते चालते, पण पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

२) खोडवा की निडवा?

आपल्या भाषेत सांगायचे तर नवा संगणक ही लागण, आणि कार्यालयातून निघालेला चार-सहा वर्षांचा संगणक हा खोडवा. खोडव्यात बेण्याचा व नांगरटीचा खर्च वाचतो. बुडखे छाटले, नांग्या भरल्या, वेळेवर खत दिले तर खोडवा चांगला पैसा देतो. पण निडव्याच्याही पुढे तेच पीक ठेवत गेलो तर खर्च वाचल्याचा नुसता भास होतो, टनेज हाती लागत नाही.

संगणकाचा खोडवा ओळखण्याची खूण सोपी आहे. इंटेलच्या आय-३, आय-५ या नावापुढे आकडा असतो. ४५९० म्हणजे चौथी पिढी, ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडी १०५०० असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी. आठवी व त्यापुढची पिढी हा खोडवा. सहावी-सातवी हा निडवा. चौथी व त्यामागची असेल तर मोडून टाकायचे पीक समजावे.

नांग्या भरणे म्हणजे काय? जुन्या संगणकात फिरती हार्ड डिस्क असते. ती काढून एसएसडी बसविली की तोच संगणक कितीतरी चपळ होतो. रॅम ८ जीबीपर्यंत न्यावी. मात्र डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या जाती एकमेकींच्या जागी बसत नाहीत, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

३) हिशोब वर्षाचा करावा

किमतीला किंमत लावून पाहू नये. वर्षाला किती पडते ते पाहावे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, नवा संगणक ४२,००० रुपयांचा व तो ७ वर्षे चालला, तर वर्षाला ६,००० पडले. जुना १२,००० चा, त्यावर एसएसडी व रॅमचे ६,०००, एकूण १८,०००. तो ४ वर्षे चालला तर वर्षाला ४,५००, म्हणजे फायदा. ३ वर्षे चालला तर ६,०००, म्हणजे बरोबरी. दोनच वर्षांत बसला तर ९,०००, म्हणजे स्वस्ताईच महाग पडली. मॉनिटर व यूपीएस दोन्हीकडे लागतातच, म्हणून ते धरलेले नाहीत. प्रत्यक्ष भाव विचारून हाच हिशोब आपापल्या वहीत मांडावा. जुना किमान चार वर्षे चालेल अशी खात्री नसेल, तर उगाच मोहात पडू नये.

४) एक जुना धडा

जुन्या संगणकाचा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. आय.बी.एम. कंपनीने १४०१ हा संगणक १९५९ साली जाहीर केला. १९६४ साली त्याच कंपनीची ३६० ही नवी मालिका आली आणि परदेशात १४०१ मागे पडू लागला. तिकडून परत आलेली अशी यंत्रे मुंबईत दुरुस्त करून कंपनी भारतातील ग्राहकांना भाड्याने देत असे. यंत्रांनी कामही दिले, पण जुन्या मालाचे भारी भाडे घेतले जाते अशी टीका झाली. पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली. कंपनीला ती मान्य झाली नाही आणि १९७८ साली तिने देश सोडला. तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला तो देखभालीचा. कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने ते काम अंगावर घेतले, म्हणून यंत्रे चालू राहिली. जुने यंत्र घेताना किमतीइतकाच दुसराही प्रश्न विचारावा: बिघडले तर हात लावणारा कोण?

५) दुकानात पाहायच्या गोष्टी

अंधेरी-बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने थेट ग्रँट रोडला उतरून, किंवा मुलुंड-घाटकोपरहून दादरला गाडी बदलून, पुष्कळजण लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जातात. उपनगरांतही अशी दुकाने आहेत. कोठेही घ्या, पण मुलांना पुढील गोष्टी पाहायला सांगा.

(अ) संगणक किमान तासभर चालू ठेवून पाहावा. पंख्याचा खरखराट, आपोआप बंद पडणे, जास्त तापणे हे दोष तासाभरात पुष्कळदा कळतात.

(ब) बंद करून प्लग काढावा व थोड्या वेळाने पुन्हा चालू करावा. तारीख-वेळ मागे गेली असेल तर आतला छोटा सेल (सीआर २०३२) संपला आहे. तो स्वस्त असतो, लगेच बदलून घ्यावा. तारीख चुकली की बँकेची व सरकारी संकेतस्थळे नीट उघडत नाहीत.

(क) कार्यालयाचा पासवर्ड बायॉसमध्ये राहिलेला नाही ना, हे पाहावे. राहिला असेल तर पुढे साधे बदलही करता येत नाहीत.

(ड) विंडोजचा परवाना खरा आहे का? कार्यालयाच्या सामुदायिक परवान्यावर चालू केलेली प्रणाली काही महिन्यांनी परवाना मागू लागते.

(इ) लहान पेटीचा संगणक न्यायला सोपा, पण त्यातील पॉवर सप्लाय बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो. तो तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. शक्यतो मोठी पेटी घ्यावी.

(फ) पक्के बिल व लेखी हमी घ्यावी. तोंडी हमी दुकानाच्या पायरीपर्यंतच चालते.

६) गावी आल्यावर

मुंबईतील वीज बरीच स्थिर असते. आपल्याकडे दाब कमी-जास्त होतो आणि वीज अचानक जाते. तिकडे वर्षानुवर्षे चाललेला संगणक इकडे पहिल्याच पावसाळ्यात जळू शकतो. म्हणून यूपीएस आणि नीट अर्थिंग हा खर्च टाळू नये. विजेचे बिलही धरावे. मॉनिटरसह १०० वॅट ओढणारा संगणक रोज ६ तास चालला तर महिन्याला १८ युनिट होतात.

सातवी किंवा त्यामागची पिढी घरात आलीच असेल तर ती फेकू नका. त्यावर लिनक्स प्रणाली फुकट टाकता येते. सी-डॅकची बॉस लिनक्स याच प्रकारची आहे. मराठी टंकलेखन, हिशोबाचे तक्ते, मुलांचा अभ्यास यांना ती पुरते. फक्त विंडोजवरच चालणारे टॅलीसारखे काम असेल तर मात्र अडचण येईल.

७) कोणी घ्यावा?

ई-पीक पाहणी, उसाच्या वजनाचा व बिलाचा संदेश, हवामान यांना मोबाइल पुरतो. एवढ्यासाठी संगणक घेऊ नये. मुलगा-मुलगी टंकलेखन, हिशोब किंवा प्रोग्रॅमिंग शिकत असेल, घरचे खत-औषधाचे दुकान असेल, सातबारा उतारे व अर्जांची कामे नित्याची असतील, त्यांनी आठव्या पिढीपुढचा जुना संगणक जरूर पाहावा.

विकास सोसायट्यांच्या सचिवांनी मात्र घाई करू नये. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली असून तीत संगणक संचाचाही समावेश आहे. आपली संस्था त्यात आहे की नाही, हे आधी सहाय्यक निबंधक कार्यालयात विचारावे.

थोडक्यात, खोडवा राखायचा की मोडायचा हे आपण फुटवे पाहून ठरवतो, शेजाऱ्याने राखला म्हणून नव्हे. संगणकाचेही तसेच करावे. पिढीचा आकडा, वर्षाचा हिशोब आणि दुरुस्तीचा माणूस, या तिन्ही गोष्टी जमल्या तर जुना संगणक घेणे फायद्याचे आहे. एकही जमत नसेल तर थोडे थांबून नवाच घेतलेला बरा. ज्यांना असा संगणक आणायचा आहे, त्यांनी त्यावरचा आकडा कागदावर लिहून गट कार्यालयात आणावा. शेतकी खात्यातील मंडळी बघून सांगतील.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी