लोटाबंदीनंतरचा वास: काय करावे, काय टाळावे

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आदर्श गाव योजनेच्या सप्तसूत्रीत लोटाबंदीही आहे, तिच्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. लोटा घेऊन माळावर जाणं बंद झालं, घरोघरी संडास आला, फोटो निघाले. पुढची गोष्ट फोटोत येत नाही. उघड्यावरचा मैला उन्हात वाळायचा आणि वास वाऱ्यावर जायचा. आता तोच मैला अंगणात, पाण्याखाली, हवेशिवाय सडतो. पारनेरच्या माळावर वेशीबाहेर राहिलेला वास आता स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येऊन उभा राहतो, आणि मग घरातलं कुणीतरी फिनेलची बाटली घेऊन धावतं. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, नाकात झोंबतो तो अमोनियाचा. टाकीत याहून जास्त प्रमाणात तयार होणाऱ्या मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडला वासच नसतो. म्हणून वास नाही म्हणजे टाकी निर्धोक, असं समजू नये.

उपाय करण्याआधी: अंगणात नेमकं काय आहे?

गावात सगळ्यालाच 'टाकी' म्हणतात. पण प्रकार तीन, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

सेप्टिक टाकी सिमेंटची आणि बंद असते. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतं. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात जाळीदार विटांचे दोन खड्डे असतात, पाणी आणि वायू दोन्ही मातीत जिरतात आणि एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो. तिसरा प्रकार गोबरगॅसला जोडलेल्या संडासाचा. राळेगणात सार्वजनिक संडास गोबरगॅसला जोडले गेले ते याच पद्धतीने. त्याआधी कोकणात कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी आणि नंतर देहूत डॉ. मापुसकरांनी ही वाट रुळवली होती. मापुसकरांच्या संयंत्राचं नावच 'मलप्रभा'. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे यातलं काय आहे हे गवंड्याला विचारा. तो हयात नसेल, तर झाकण कुठे आणि किती आहेत ते बघा. दोन गोल झाकणं आणि मध्ये पाणी वळवायचा छोटा चेंबर दिसला, तर ते दोन खड्डे.

काय करावे

वास कुठून येतो ते आधी शोधा. संडासाच्या खोलीत वास असेल आणि बाहेर नसेल, तर दोष बहुधा भांड्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साठून वायू अडवणाऱ्या वाकात. बाहेर असेल आणि आत नसेल, तर झाकण, वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप किंवा पाणी बाहेर पडण्याची जागा. पहाटे हवा थंड आणि स्थिर असते, वास जमिनीलगत रेंगाळतो. शोध त्या वेळी घ्या, दुपारच्या वाऱ्यात काही कळत नाही.

ट्रॅपमध्ये पाणी ठेवा. ग्रामीण पद्धतीच्या उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, कारण त्याच्या ट्रॅपमध्ये पाण्याचा थर जेमतेम 20 मिलिमीटरचा असतो. दुष्काळी तालुक्याला हे भांडं फार सोयीचं. पण तेवढाच थर उन्हाळ्यात घर काही दिवस बंद राहिलं की उडून जातो, आणि टाकीतला वायू सरळ खोलीत येतो. वारीला, लेकीकडे, पुण्या-मुंबईला निघताना भांड्यात तांब्याभर पाणी ओता आणि वर चमचाभर गोडेतेल सोडा. तेलाचा तवंग पाण्याला उडू देत नाही. परत आल्यावर वास आला तर आधी बादलीभर पाणी टाका, प्लंबरला फोन नंतर.

सेप्टिक टाकीच्या व्हेंटकडे मान वर करून बघा. पाइप किमान 50 मिलिमीटरचा आणि जमिनीपासून किमान 2 मीटर उंच हवा. घराला लागून असेल तर छपराच्याही वर गेला पाहिजे. अनेक घरांत तो खिडकीच्या उंचीलाच संपतो, मग वास घरात येणार नाही तर कुठे जाणार? तोंडाला डासांची जाळी बसवा, आणि ती वर्षातून एकदा साफ करा. कोळिष्टकं आणि गांधीलमाशीचं घर यांनी बंद झालेला व्हेंट आणि नसलेला व्हेंट यांत फरक नाही.

शिडाच्या आणि मोटारीच्या बोटींवरही हाच प्रश्न असतो. तिथे मैल्याची टाकी पायाखालीच असते. जाणकार बोटवाले वासावर सुगंधी द्रव ओतत बसत नाहीत, हवेची नळी मोठी करतात, म्हणजे टाकीत प्राणवायू जातो आणि सडका वास देणाऱ्या जिवाणूंचं फावत नाही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, त्यातूनच हायड्रोजन सल्फाइड होतो. म्हणून ज्यांना जमतं ते गोड्या पाण्याने फ्लश करतात. राळेगणात बोट नाही, पण नळी मोकळी ठेवण्याचा धडा तोच.

झाकणाची फट लिंपा. फटीत सिमेंट ओतून झाकण कायमचं बुजवू नका, पुढे उपसायला घणच लागेल. ओल्या चिकणमातीचा किंवा कमजोर चुन्याचा थर पुरे. त्याच वेळी झाकण खालून कसं आहे ते गवंड्याकडून बघून घ्या. हायड्रोजन सल्फाइडपासून झाकणाच्या पोटाशी गंधकाम्ल तयार होतं, ते सिमेंट खातं आणि आतली सळई गंजते. वरून धडधाकट दिसणारी लादी एक दिवस पोराच्या वजनाने बसते. त्यावर ट्रॅक्टर उभा करणं, सरपण रचणं, लग्नात मांडवाचा खांब रोवणं, सगळं आजच थांबवा.

टाकी वेळेवर उपसा. साधारण दोन-तीन वर्षांनी. दहा वर्षांत एकदाही उपसली नाही, असं अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांची टाकी गाळाने भरलेली असते, किंवा तळ फुटून मैला जमिनीत जात असतो. उपसताना थोडा गाळ तळाशी राहू द्या, तेच पुढच्या कामाचं विरजण. नवी टाकी असेल तर आधी पाणी भरा आणि जुन्या टाकीचा गाळ किंवा गोबरगॅसची मळी थोडी सोडा.

दोन खड्डे खरंच आलटून-पालटून वापरा. पहिला भरला की चेंबरमधलं पाणी दुसऱ्याकडे वळवा आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवा. तेवढ्यात त्याचं काळं, भुसभुशीत, बिनवासाचं सोनखत होतं. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशाच खड्ड्यात उतरले आणि हाताने खत उपसून दाखवलं. तो खड्डा बंद ठेवलेला होता आणि त्यातला मैला पूर्ण कुजलेला होता. सेप्टिक टाकीच्या बाबतीत हे उदाहरण कुणी देऊ नये, ते प्रकरण पुढे येतंच.

गोबरगॅसचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा. स्वयंपाकघरात सडक्या अंड्याचा वास आला तर संडासाला दोष देण्याआधी गॅसची नळी बघा. आधी कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका. मग सांध्यांना फेस लावा, जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. गॅस कमी पडतो म्हणून संडासाच्या नावाने ओरडण्यातही अर्थ नाही. माणसामागे रोज साधारण 1 घनफूट गॅस मिळतो. घरचा स्वयंपाक भागवणाऱ्या 2 घनमीटरच्या प्लांटला, म्हणजे सुमारे 70 घनफुटांना, रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं. चार-पाच जनावरं नसतील तर संडासाच्या जोडीने फक्त चहा होईल.

गर्दीच्या दिवसांची वेगळी सोय करा. राळेगणच्या यादवबाबा मंदिरात अण्णा हजारेंचं उपोषण असलं, 2013 च्या डिसेंबरात किंवा 2019 च्या जानेवारी-फेब्रुवारीत होतं तसं, की गावात बाहेरची माणसं लोटतात. जत्रेला, शिबिराला, घरच्या लग्नाला तेच. एका कुटुंबासाठी बांधलेल्या टाकीत दीडशे माणसांचं पाणी गेलं की गाळ ढवळून वर येतो आणि सगळी घाण बाहेर ढकलली जाते. फिरते संडास मागवा, किंवा निदान आधी टाकी उपसून ठेवा.

काय टाळावे

फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीचिंग पावडर टाकीत ओतू नका. मैला कुजवणारे जिवाणू यांनी मरतात, न कुजलेला गाळ साचतो आणि आठ दिवसांनी वास दुप्पट होतो. गोबरगॅसच्या प्लांटला तर हे विषच, गॅस बंद पडून वर आंबट घाण सुटते. भांडं घासायला थोडं साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद संडासात तो फुप्फुस जाळतो.

'टाकी उपसायची गरज नाही' म्हणणाऱ्या पुड्या विकत घेऊ नका. जिवाणू रोज फुकट टाकीत जातातच. गूळ-ताक, यीस्ट, डांबरगोळ्या यांचंही तेच. गूळ-ताकाने नुकसान नाही, पण ताक प्यायलेलं बरं.

मोरीचं पाणी शोषखड्ड्याच्या संडासात सोडू नका. खड्डा सतत भरलेला राहतो, मैला कुजायला सवड मिळत नाही. मोरीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा किंवा परसबाग.

दोन खड्ड्यांच्या संडासाला व्हेंट पाइप लावू नका. गवंडी सवयीने लावतात, कारण सेप्टिक टाकीला लावतात. इथे वायू मातीत जिरायचा असतो. पाइप लावलात तर मातीचं काम काढून तुमच्या नाकाला दिलंत.

भांड्यात कचरा नको. पॅड, लंगोट, केस, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या. नशाबंदीच्या गावात पुडी सापडू नये खरी, पण पाहुण्यांचा काय भरवसा.

सेप्टिक टाकीचं पाणी उघड्या गटारात सोडू नका. गल्लीतल्या वासाचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि सगळ्यांत कमी बोललं जाणारं, कारण पाइप रात्री काढलेला असतो. टाकीतून बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात जंतू आणि जंतांची अंडी असतात. ते शोषखड्ड्यातच गेलं पाहिजे.

विहिरीजवळ खड्डा खणू नका. पारनेरकडे मुरुमाचा थर पातळ, खाली भेगाळलेला काळा पाषाण. भेगेतून पाणी गाळलं न जाताच पुढे सरकतं. नालाबंडिंग आणि बंधाऱ्यांनी इथली भूजलपातळी वर आली, ही चांगली गोष्ट. पण ज्या वाटेने पावसाचं पाणी विहिरीत उतरतं त्याच वाटेने खड्ड्यातलंही उतरतं. निदान 15 मीटर अंतर ठेवा, भेगाळलेल्या खडकात त्याहून जास्त, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा नकोच.

सेप्टिक टाकीत कुणालाही उतरवू नका. स्वतः नाही, मजूर नाही, 'सवय आहे त्याला' म्हणून कुणी एक नाही. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असताना वास येतो, पण दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की नाकाची जाणीवच मरते. माणसाला वाटतं वास गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाकीत माणूस पडलाच तर उतरू नका. 112 वर फोन करा, सगळी झाकणं उघडा, आणि शुद्धीवर असेल तर वरूनच दोर द्या.

हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने असं काम करवून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. घरमालक त्यातून सुटत नाही. असे मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. लोटाबंदी गावाने पाळायची आणि मैला उपसायला तालुक्यातल्या ठरावीक वस्तीतल्या माणसाला निरोप धाडायचा, याला स्वच्छता म्हणायला माझी तरी जीभ वळत नाही.

झाकण उघडल्यावर बिडी, काडी, कंदील, दिवा काही नको. मिथेन पेटतो. आत किती खोल आहे ते मोबाइलचा टॉर्च तोंडाशी धरून, वाकून बघायचाही मोह आवरा. लांब काठी घाला, ओल कुठवर आली ते कळतं.

उपसायला यंत्राची गाडीच बोलवा, पण तिला कुठेही रिकामी होऊ देऊ नका. गाडीवाला भाव सांगेल तेव्हा एवढंच विचारा: मैला कुठे टाकणार? 'ओढ्याला' किंवा 'माळावर' असं उत्तर आलं तर गाडी परत पाठवा. ओढा बंधाऱ्याला मिळतो, आणि बंधाऱ्याखाली विहिरी आहेत. मैला प्रक्रिया केंद्रावर नेणारी गाडी ग्रामपंचायतीकडून किंवा जवळच्या नगरपालिकेकडून ठरवा. दोनशे रुपये जास्त जातील, ते द्या, आणि पावती मागा.