कमाल, तमाम आणि तफावत

वर्तमानपत्राच्या हवामानाच्या रकान्यात रोज ‘कमाल तापमान’ आणि ‘किमान तापमान’ छापलेले असते. शेतजमिनीच्या कायद्यात ‘कमाल धारणा’ येते. मुलाने परीक्षेत अनपेक्षित यश मिळवले की घरातील वडीलधारी मंडळी ‘कमाल केलीस’ असे म्हणतात. पहिल्या दोन ठिकाणी कमाल म्हणजे जास्तीत जास्त, तिसऱ्या ठिकाणी नवल. ज्या अरबी भाषेतून हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला, तेथे मात्र त्याचा अर्थ पूर्णत्व असा आहे. सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत दीन परिपूर्ण केल्याची जी घोषणा आहे, तिच्यात याच धातूचे क्रियापद आलेले आहे. ही आयत हिजरी सन १० मध्ये, निरोपाच्या हजच्या वेळी, अरफातच्या मैदानात शुक्रवारी अवतरली. केवळ मराठीच्या आधारे तिचा अर्थ लावू पाहणारा वाचक दीनला एखाद्या ‘कमाल मर्यादे’च्या चौकटीत नेऊन बसवील.

त्याच आयतीत लगेच पुढे कृपा पूर्ण केल्याचा उल्लेख आहे आणि तेथील क्रियापद ‘तमाम’ या शब्दाच्या धातूचे आहे. मराठीत ‘तमाम जनता’ म्हणजे सगळी जनता. मूळ अर्थाची छटा येथे थोडी टिकून आहे, इतकेच.

असे शब्द आपल्या बोलण्यात शेकड्यांनी आहेत. ‘फाजील’ घ्या. अरबीत तो गुणश्रेष्ठ व्यक्तीसाठी येतो आणि मदरशांतून उच्च शिक्षण पूर्ण करणाऱ्यांना आजही फाजिल ही पदवी मिळते. मराठीत मात्र लाड फाजील असतात, आत्मविश्वास फाजील असतो. हे उदाहरण करमणुकीचे वाटेल, परंतु ‘गरीब’ या शब्दाचे तसे नाही. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ह. अब्दुल्लाह इब्न उमर (र.) यांचा खांदा धरून केलेला उपदेश सहीह बुखारीत आहे. माणसाने या जगात परक्यासारखे किंवा वाटसरूसारखे राहावे, असा त्याचा आशय आहे. ‘परका’ या अर्थाचा मूळ शब्द ‘गरीब’ हाच आहे. उर्दू किंवा मराठी कानाला तो निर्धन असा ऐकू येतो आणि इस्लामला दारिद्र्य हेच प्रिय आहे, असा निष्कर्ष पुढे आपोआप निघतो. ह. उस्मान (र.) आणि ह. अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांच्यासारखे संपन्न सहाबी मग कोठे बसवायचे? उपदेश जगात मन न गुंतवण्याचा होता आणि एका शब्दाचा अर्थ सरकल्याने तो खिशाविषयीचा होऊन बसतो.

काळ आणि देश बदलल्यानेच असे घडते, असेही नाही. सूरह बकराच्या १८७ व्या आयतीत रोजाच्या संदर्भात पांढरा धागा काळ्या धाग्यापासून स्पष्ट दिसू लागेपर्यंत खाण्यापिण्याची अनुमती आहे. ह. अदी बिन हातिम (र.) यांनी उशाखाली खरोखरच एक काळी व एक पांढरी दोरी ठेवली आणि रात्री ते त्या निरखीत राहिले. सकाळी त्यांनी ही गोष्ट पैगंबरांच्या (स.) कानी घातली, तेव्हा रात्रीचा अंधार आणि दिवसाचा उजेड असा अर्थ आहे, हे त्यांना समजले. ज्या हातिमताईच्या दातृत्वाच्या कथा आपल्याकडेही सांगितल्या जातात, त्यांचे हे पुत्र. अरबी ही त्यांची मातृभाषा होती आणि काळही अवतरणाचाच होता. तरीही ज्यांच्यावर वाणी अवतरली, त्यांनाच विचारावे लागले.

आता अर्थ विचारण्याचे ठिकाण बदलले आहे. घरातील मुले-मुली आयतीचा अर्थ मोबाईलला विचारतात, नमाजची वेळ ॲपवर पाहतात आणि किब्ल्याची दिशा पडद्यावरील काट्यावरून ठरवतात. यात गैर काही नाही. दूरच्या प्रवासात या साधनांचा किती उपयोग होतो, हे सर्वजण जाणतात. प्रश्न पुढचा आहे. या साधनांच्या जाहिरातीत ‘परफेक्ट’ हा शब्द असतो आणि मुले तो शब्दशः घेतात. तंत्रज्ञानाची अशी कोणती वस्तू परिपूर्ण असते काय?

उत्तरापूर्वी शब्द तपासावा लागेल. ‘परफेक्ट’ मूळ लॅटिनमध्ये ‘शेवटास नेलेले, पुरे केलेले’ या अर्थाचा होता. इंग्रजी व्याकरणात काळाच्या नावात तो अर्थ अजून जिवंत आहे. पुढे त्याला निर्दोष हा अर्थ चिकटला आणि आपल्या बोलीत तर टोपी डोक्यावर नीट बसली तरी ‘परफेक्ट’ म्हणतात. अरबी भाषेने मात्र येथे दोन वेगळे शब्द राखून ठेवले आहेत. इमाम रागिब अल-इस्फहानी यांनी कुरआनातील शब्दांच्या ‘मुफरदात’ या कोशात सांगितले आहे की, एखादी वस्तू ज्या हेतूसाठी आहे तो तिच्यात साध्य होणे म्हणजे कमाल. आणि स्वतःबाहेरच्या कशाचीही गरज उरू नये अशा सीमेला पोहोचणे म्हणजे तमाम. प्रस्तुत लेखकाला हा भेद फार मोलाचा वाटतो, कारण त्याने वरील प्रश्नाची गाठ सुटते. ठरावीक हेतूपुरती, ठरावीक परिस्थितीत एखादी वस्तू कमालास पोहोचू शकते. बाहेरच्या कशाचीही गरज नसलेली वस्तू मात्र माणसाने आजवर बनवलेली नाही. तिला वीज लागते, दुरुस्ती लागते, तिच्यात योग्य माहिती भरणारा माणूस लागतो.

हेतू आणि परिस्थिती बदलली की कमालही कसे गळून पडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. युरोपचे ‘एरियान ५’ हे नवे अग्निबाण-यान फ्रेंच गयानातील कुरू येथून पहिल्यांदा झेपावले आणि सुमारे ४० सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. यानाची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावलीचा काही भाग आधीच्या ‘एरियान ४’ मधून तसाच उचललेला होता. तेथे त्याने उत्तम काम केले होते. नव्या यानाचा आडवा वेग अधिक असल्याने एक आकडा त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावेना. त्या जागेत ३२७६७ हून मोठी संख्या बसतच नव्हती. मुख्य यंत्रणा थांबली. मदतीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने तीही थांबली. विशेष म्हणजे, तो भाग उड्डाणानंतर उपयोगाचाच नव्हता. आज्ञावलीतील एक अक्षरही बदलले नव्हते, बदलले होते तिच्या भोवतीचे जग. शब्दांचेही असेच होते.

आता हातातील मोबाईलकडे पाहू. असरची वेळ शाफई मतानुसार, मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्याइतकी झाली की सुरू होते, तर हनफी मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. मुंबईच्या परिसरात ऋतूनुसार हा फरक पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत जातो. कोकणातील बहुतांश मुस्लिम कुटुंबे शाफई, घाटावरील बहुतांश हनफी. अनेक ॲपमध्ये असरसाठी दोन पर्याय असतात, एक ‘हनफी’ आणि दुसरा ‘स्टँडर्ड’. या ‘स्टँडर्ड’ शब्दाने किती घोटाळा होतो! हनफी घरातील मुलगा ‘स्टँडर्ड’ म्हणजे सर्वमान्य, असे समजून तोच पर्याय ठेवतो आणि मशिदीतील वेळ चुकीची आहे की काय, अशी शंका घेऊन वडिलांशी वाद घालतो. प्रत्यक्षात त्या पर्यायाचा अर्थ शाफई, मालिकी व हंबली मतांची वेळ, एवढाच असतो.

फजरचे प्रकरण याहून नाजूक आहे. सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना पहाट उगवते, याचे अनेक हिशोब ॲपमध्ये असतात. कोठे १८ अंश, कोठे १५. आपल्याकडे या तीन अंशांत साधारण दहा-पंधरा मिनिटे जातात. परदेशातील हिशोब तसाच राहिला तर रमजानमध्ये सहरीचा शेवटचा घास वेळ संपल्यावर पोटात जाईल. किब्ल्याचा काटाही जवळच्या लोखंडाने ढळतो, म्हणून मुंबईकराने इतके तरी ध्यानात ठेवावे की आपला किब्ला पश्चिमेकडून उत्तरेला सुमारे १० अंश आहे. काटा दक्षिणेकडे झुकला तर दोष काट्याचा.

सूरह मुल्कच्या तिसऱ्या व चौथ्या आयतींत परिपूर्णतेची कसोटीच सांगितलेली आहे. परमदयाळूच्या निर्मितीत विसंगती आढळणार नाही; पुन्हा दृष्टी टाकून पाहा, कोठे भेग दिसते का; वारंवार पाहिले तरी दृष्टी थकून परत येईल, असा तेथील आशय आहे. ‘विसंगती’साठी आलेला शब्द ‘तफावुत’, म्हणजेच आपल्या जमाखर्चातील तफावत. येथे मराठी वाचकाला अर्थ बराचसा घरबसल्या कळतो. ‘भेग’ यासाठी आलेला शब्द ‘फुतूर’. तो पाहून कोणी मराठीतील ‘फितूर’ आठवील, तर तेथे थांबावे. त्या फुतूरमधील ‘त’ हा तोय आहे. फितूर ज्या शब्दापासून आला त्यात ते आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच उमटतात, धातू मात्र निराळे आहेत.

याच तोय असलेल्या धातूपासून ‘फातिर’ हा शब्द होतो. तफसीरग्रंथांत नमूद आहे की, कुरआनचे थोर जाणकार ह. अब्दुल्लाह इब्न अब्बास (र.) यांना या शब्दाचा नेमका अर्थ उमगला, तो दोन बदूंच्या भांडणातून. विहिरीवरून वाद चालला होता आणि एकजण म्हणत होता की, ही विहीर खणण्यास आरंभ मी केला. त्याच्या तोंडी याच धातूचे क्रियापद होते. त्यावरून ‘फातिर’ म्हणजे कोणताही नमुना नसताना आरंभ करणारा, हे स्पष्ट झाले.

मोबाईलमधील भाषांतरयंत्राला असे विहिरीकाठी उभे राहता येत नाही. असंख्य मजकुरांत एखादा शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो, त्यावरून ते अंदाज बांधते, आणि आजच्या मजकुराचा भार त्यात अधिक असतो. सूरह यूसुफमध्ये विहिरीपाशी आलेल्या काफिल्यासाठी ‘सय्यारा’ शब्द आहे. आजच्या अरबीत सय्यारा म्हणजे मोटार, उर्दूत ग्रह. सूरह जिल्जालमधील ‘जर्रा’ भाष्यकारांनी बारीक मुंगी किंवा उन्हाच्या कवडशात तरंगणारा धूलिकण असा समजावला; आजच्या अरबीत जर्रा म्हणजे विज्ञानातील अणू. काही उत्साही वक्ते येथे अणुविज्ञान शोधतात. त्याची गरज वाटत नाही. कणभर चांगुलपणाही वाया जाणार नाही आणि कणभर वाईटही सुटणार नाही, हे उंटावरून प्रवास करणाऱ्या पहिल्या श्रोत्याला पूर्णपणे कळले होते.

यंत्राचा आणखी एक दोष त्याच्या सफाईदारपणात आहे. ते सहसा अडखळत नाही. ह. उमर (र.) एकदा सूरह अबसाचे पठण करताना ३१ व्या आयतीतील ‘अब्ब’ या शब्दापाशी थांबले. फळे म्हणजे काय ते आपण जाणतो, पण अब्ब म्हणजे काय, असे त्यांनी स्वतःलाच विचारले आणि त्यामागे लागणे ही ओढाताण होईल, असे म्हणून ते तेथेच थांबले. मुसलमानांचे खलीफा असूनही त्यांनी अंदाजाने अर्थ सांगितला नाही. भाष्यकारांनी पुढे बहुधा ‘जनावरांचा चारा’ असा अर्थ नोंदवला, आणि लगतची ३२ वी आयतही हे सारे तुमच्यासाठी व तुमच्या गुराढोरांसाठी आहे, असेच सांगते.