घरच्या भिंतीस चुना देण्याचा धडा

घर सुशोभित करावयाचे म्हणजे पदरी पैसा हवा, ही समजूत खेडोपाडी फार रुजलेली आहे. लग्नकार्य किंवा नाताळ जवळ आला म्हणजे तालुक्याच्या दुकानातून महाग रंगाचे डबे उधारीने आणितात, आणि सणाचे दिवस सरले तरी ती उधारी सरत नाही. परंतु चुना, पाणी, थोडा डिंक व चिमूटभर नीळ एवढ्या वस्तूंनी कुटुंबातील माणसांस आपल्या हाताने घर शुभ्र करिता येते. हे काम सोपे आहे, मात्र घाईचे नव्हे. घाई करणाराच्या भिंतीचे पोपडे निघतात, आणि कधी कधी त्याच्या लेकराचा डोळाही जातो. म्हणून चुन्याचा स्वभाव काय, तो कसा विरवावा, कसा लावावा व त्यापासून आपणांस कसे जपावे, हे क्रमाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१. चुन्याचा स्वभाव

चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियस उष्णतेत भाजिला म्हणजे त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना मागे राहतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली, तर ५६ किलो कळी मिळते आणि ४४ किलो वायू उडून जातो. कोकणात व गोव्यात शिंपल्या भाजूनही चुना करीत आले आहेत. या कळीवर पाणी पडले की ती तडतडते, फुगते, वाफा सोडते व शेवटी तिचा मऊ लगदा होतो. यास चुना विरणे म्हणतात.

विरलेला चुना भिंतीस लाविल्यावर हवेतील तोच वायू हळूहळू शोषून घेतो व पुन्हा चुनखडी बनतो. भट्टीत जे दगडातून गेले, ते भिंतीवर परत येते. परंतु हा वायू वरून आत शिरतो, त्यास वेळ लागतो, व थोडी ओलही लागते. पुढे जे नियम सांगितले आहेत त्यांतील पुष्कळसे या एका गोष्टीतून निघतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

२. आधी भिंत पाहावी

चुना दगडविटांच्या, मातीच्या व सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतीस चालतो. तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग दिलेल्या भिंतीस तो धरत नाही, कारण तेथे त्यास मुरावयास जागाच नसते. जुना तैलरंग खरवडून काढण्याचा मोह होईल, पण तोही आवरावा. पूर्वीच्या कित्येक रंगांत शिसे असे, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली असता त्यांच्या मेंदूस अपाय होतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाची भिंत असेल तर ती कोरडी घासू नये.

भिंतीस ओल येत असेल किंवा लोणा लागला असेल, तर आधी त्याचे कारण शोधावे. कौल फुटले आहे काय, परसातील मोरीचे पाणी पायाशी मुरते काय, हे पाहून दुरुस्ती करावी. वरून चुना लावून आतील कुजट भाग झाकणे किती व्यर्थ आहे, हे चुना लावलेल्या कबरांच्या दाखल्यावरून आपणांस ठाऊकच आहे. भिंतीची भोके मातीने किंवा गिलाव्याने बुजवावी, जुने पोपडे व जळमटे झाडून काढावी, आणि धुराने काळी झालेली जागा धुऊन घ्यावी.

३. चुना विरविण्याची रीत

विरविण्यास लोखंडी पिंप किंवा जमिनीत केलेला पक्का हौद घ्यावा. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने वितळते, व ॲल्युमिनियमचे पातेले चुना खाऊन टाकितो. म्हणून ही दोन्ही वर्ज्य होत. १ किलो कळीस सुमारे ५ लिटर पाणी, हे प्रमाण ठेवावे. आधी पाणी घालावे व मग त्यात कळीचे लहान खडे थोडे थोडे सोडावे. कळीच्या ढिगावर एकदम पाणी ओतू नये, कारण तसे केल्याने ऊन चुना अंगावर उसळतो. भांडे एकतृतीयांशाहून अधिक भरू नये. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूस उभे राहून लांब काठीने ढवळावे, आणि वाकून भांड्यात पाहू नये.

उकळी शांत झाल्यावर भांडे झाकून २४ तास तसेच ठेवावे. आत एखादा खडा न विरलेला राहिला, तर तो पुढे भिंतीवर फुगून खपली उडवितो. या एका दिवसाचे मोल एवढे आहे. दुसऱ्या दिवशी ते पाणी जाड्याभरड्या फडक्यातून गाळून घ्यावे. दर ५ लिटर पाण्यामागे २० ग्रॅम डिंक ऊन पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा, म्हणजे चुना हातास व कपड्यास लागत नाही. नीळ घालावयाची तर कळीच्या दर किलोमागे ३ ग्रॅमपेक्षा अधिक घालू नये, नाही तर भिंत शुभ्र न दिसता निळसर दिसेल.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी कळीऐवजी बंद पिशवीतील विरलेल्या चुन्याची फक्की आणावी, असे आमचे मत आहे. ती पाण्यात रात्रभर भिजविली म्हणजे पुरते, आणि उकळीचे भय राहत नाही. पिशवी मात्र फुटलेली नसावी. उघड्यावर फार दिवस पडलेली फक्की हवा शोषून आधीच चुनखडी झालेली असते, व ती भिंतीस धरत नाही.

४. डोळ्यांची राखण

चुना डोळ्यात गेला तर तो नुसता झोंबून थांबत नाही, आत खोल शिरत जातो. पानाच्या चुन्याच्या लहान पुड्या दाबून खेळताना मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे आपल्याच देशात डॉक्टरांनी नोंदविली आहेत. म्हणून काम करणाराने चष्मा लावावा, हातमोजे किंवा पिशव्या हातांस बांधाव्या, अंगभर कपडे घालावे, आणि डोक्यावरचे छत रंगविताना तर चष्म्यावाचून वर पाहूच नये. स्वच्छ पाण्याची भरलेली घागर कामाच्या जागी आधीच आणून ठेवावी.

इतके करूनही डोळ्यात चुना गेला, तर क्षणभरही न थांबता पापण्या बोटांनी उघडून धराव्या व निदान अर्धा तास पाण्याची धार सोडीत राहावी. चुन्याचा कण दिसल्यास ओल्या फडक्याच्या टोकाने हलकेच काढावा, पण त्यासाठी धुणे थांबवू नये. दूध, तूप, मध, लिंबाचा रस यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. डोळा चोळू नये. नंतर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आग थांबली म्हणजे इजा टळली असे समजू नये. अंगावर कोरडी कळी पडल्यास ती आधी झटकावी व मग भरपूर पाण्याने धुवावे.

५. चुना लावण्याची रीत

सकाळी किंवा उन्हे कलल्यावर काम करावे. भिंतीवर प्रथम पाणी शिंपडून ती ओलसर करावी. कोरडी भिंत चुन्यातील पाणी पिऊन टाकिते, मग चुना दगड होण्याऐवजी नुसती पूड होऊन राहतो व टेकणाराच्या खांद्यास लागतो. घायपाताचा वाख घट्ट बांधून केलेला कुंचा या कामास उत्तम होय. चुना ताकासारखा पातळ असावा व मधून मधून ढवळीत राहावा. एक हात वरून खाली, लगेच दुसरा खालून वर, मग आडवा, अशा रीतीने एक थर पुरा करावा. तो वाळल्यावरच दुसरा द्यावा. नव्या भिंतीस तीन थर, जुनीस एक किंवा दोन पुरतात.

येथे नवशिक्यांची एक ठरलेली फसगत होते. ओला चुना लाविताच भिंत पांढरी दिसत नाही. खालचा रंग तसाच दिसतो. तेव्हा मनुष्यास वाटते की चुना कमी पडला, आणि तो आणखी दाट कालवून लावितो. वाळल्यावर भिंत आपोआप पांढरी होते, पण तोवर थर जाड झालेला असतो. जाड थराची नुसती वरची साल टणक होते, आत वायू पोचत नाही, तो आकसून तडकतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे गळतात. यास्तव पातळ लावावे व वाट पाहावी.

६. रंग व नक्षी

पांढऱ्या भिंतीस खाली हातभर उंचीचा तांबडा पट्टा व दारास किनार दिली म्हणजे घरास शोभा येते, शिवाय पायाशी उडणारा चिखलही दिसत नाही. चुन्यात मातीचेच रंग घालावे: काव किंवा गेरू, आणि पिवडी. हे चुन्याने बिघडत नाहीत. हळद घालू नये. चुन्याची संगत होताच ती तांबडी होते हे प्रत्येक गृहिणी जाणते. चुन्यात काव मिसळली की रंग फिका, गुलाबी येतो. गडद पट्टा हवा असल्यास काव डिंकाच्या पाण्यात कालवून चुना थोडकाच घालावा. वाळल्यावर रंग उतरतो, यास्तव आधी कोपऱ्यात लावून पाहावे.

कोकणात व गोव्यात जुन्या देवळांच्या व वाड्यांच्या भिंतींवर कावी नावाची कला दिसते. तीत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन तो टोकदार हत्याराने कोरितात, व खालचा पांढरा चुना नक्षीरूपाने उघडा होतो. ते काम कसबी कारागिराचे. पण त्याच दोन रंगांची साधी नक्षी आपणांसही करिता येते. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर पान, फूल किंवा चौकट काढून ती कापून घ्यावी. गेरूत भिजविलेली सुतळी दोघांनी भिंतीवर ताणून टिचकी मारावी, म्हणजे सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर छाप धरून, कुंचा जवळजवळ कोरडा करून, हलके हलके टिपावे. कुंचा ओला असेल तर रंग छापाखाली पसरतो. चित्रे आखण्याचे काम मुलांस जरूर द्यावे. चुन्याचे भांडे मात्र त्यांच्या हाती देऊ नये.

७. गच्चीसही चुना

पांढरा रंग ऊन परतवितो, म्हणून सिमेंटच्या गच्चीस चुना दिल्यास खालची खोली कमी तापते. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा हजाराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांस पांढरा लेप देण्याचे कामही तीत आले. गच्चीवरचा चुना पावसाने धुपतो, म्हणून तो दरसाल उन्हाळ्याच्या आरंभी द्यावा. सिमेंटच्या पत्र्यांवर चढण्याचे साहस कोणी करू नये. ते माणसाच्या भाराने फुटतात.

उपदेशकांस आमची एक सूचना आहे. शेतीच्या कामात आपण इर्जिक करितो, तशीच या कामीही करावी. तीन-चार कुटुंबांनी मिळून चुना एकदाच विरवावा व पाळीपाळीने एकेकाचे घर करावे. गावात एखादी विधवा किंवा वृद्ध जोडपे असेल, तर आरंभ त्यांच्या घरापासून व्हावा, कारण त्यांस शिडीवर चढता येत नाही व मजूर लाविण्याचे सामर्थ्यही नसते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विरलेला चुना भिंतीवर पुन्हा दगड कसा होतो?
२. कळीवर पाणी न ओतता पाण्यात कळी का सोडावी?
३. ओली भिंत पांढरी दिसत नाही, तेव्हा काय करू नये, व का?
४. डोळ्यात चुना गेल्यास पहिल्या अर्ध्या तासात काय करावे? घरातील प्रत्येकास हे तोंडपाठ सांगता येते काय?
५. आपल्या गावात प्रथम कोणाचे घर करावे?