एलीयाला आधी भाकर, मग काम

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८



कर्मेलावर अग्नी उतरताना पाहिलेला एलीया लगेच पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. सेवकाला त्याने बैरशेब्यातच मागे ठेवले आहे. तो एकटा आहे. देव त्याला अविश्वासाबद्दल दोष देत नाही. दूत त्याला भाकर व पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. काम मिळते ते पुढे होरेबावर, आणि त्याबरोबर अलीशासारखा सोबतीही मिळतो. हा क्रम लक्षात ठेवू या.

जावळी भागातील एका कातकरी वस्तीत मी हा क्रम पाहिला. सांगलीकडच्या वीटभट्टीवरून परतलेल्या एका ताईंचे झोपडे पावसात पडले. त्या भावाच्या पडवीत पडून असत. जेवण नाही, झोप नाही, बोलणे नाही. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणाले, विश्वास कमी पडतो. आम्ही प्रार्थना केली आणि त्यांना सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे नेले. हा नैराश्याचा आजार होता. औषध सुरू झाले. पण गोळ्या ठेवायलाही त्यांच्याकडे जागा नव्हती. म्हणून मंडळीने एका खोलीचे भाडे भरले.

त्याच काळात घरकुलाचा अर्ज केला. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी कुटुंबांना घरासाठी २ लाख रुपये हप्त्यांनी मिळतात. जातीचा दाखला व जागेचे कागद मिळवण्यातच खरी दमछाक होते, आणि आजारी माणसाला ती एकट्याने झेपत नाही.

काही महिन्यांनी ताई स्वतःहून बालवाडीत आल्या. आठवड्यातून एक दिवस मुलांच्या हातांवर पाणी घालायचे, एवढेच काम. पुढे वस्तीतील दुसऱ्या आजारी बाईला घेऊन त्या एसटीने रुग्णालयात गेल्या. "मला वाट ठावं हाय," म्हणाल्या. औषध अजून चालू आहे, काही दिवस जडही जातात. पण आता त्यांची कोणीतरी वाट पाहते.

यातून तीन गोष्टी शिकू या.

१. उपचार घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले, तेही प्रभूच्या नावानेच.

२. निवारा हा उपचाराचाच भाग आहे.

३. सेवा हे औषध म्हणून लादू नये. ती थोडी असावी, आपखुशीची असावी आणि सोबतीने व्हावी.

चर्चेसाठी : आपल्या मंडळीत आज रतामाच्या झुडपाखाली कोण बसले आहे? त्यांना आपण आधी काय देतो, उपदेश की भाकर?

कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर त्यांना एकटे सोडू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते.

प्रार्थना : हे प्रभू, खचलेल्यांना उठवणारा तुझा हात आम्हांला होऊ दे. आमेन.