पत्रा, पाषाण आणि उष्णता

उन्हाळ्यात भर दुपारी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात पत्र्याच्या छपराखाली बसवत नाही. त्याच वेळी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या गाभाऱ्यात मात्र गारवा जाणवतो. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या या मंदिराच्या शीतलतेचे कारण पदार्थांच्या गुणधर्मांत आहे.

उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते. सूर्याच्या प्रारणाने पत्रा तापतो. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. उष्णता साठविण्याची त्याची शक्ती अल्प. त्यामुळे काही मिनिटांतच त्याची खालची बाजू तापून माणसांवर प्रारण करू लागते. छताशी तापलेली हवा हलकी असल्याने तेथेच कोंडून राहते. सूर्यास्तानंतर पत्रा लवकर निवतोही.

जाड काळ्या पाषाणाचे तसे नाही. तो पुष्कळ उष्णता सामावून घेतो व तिचे वहन सावकाश करतो. दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते. शिवाय हा गाभारा पायऱ्या उतरून जाण्याइतका खोल आहे आणि खोल जमिनीचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही.

पत्र्याच्या शाळा व अंगणवाड्यांतील बालकांना उष्माघाताचा धोका असतो. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग, खाली हवेची पोकळी राखून दुसरे छत आणि भिंतीत उंचावर झरोके, एवढे उपाय ग्रामपंचायतींनी मार्चपूर्वी योजल्यास हा ताप निश्चित कमी होईल.